पश्चिमेच्या भिंतीला करंज की मंकी ग्रास?

घराच्या पश्चिमेला पंचवीसेक फुटांची मोकळी पट्टी. उन्हाळ्यात भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली आणि पावसाळ्यात त्याच जागेचा चिखल घरभर. नर्सरीत विचारलं तर एक जण करंजासारखं सावलीचं झाड सुचवतो. दुसरा म्हणतो, झाडाला वर्षं लागतील, मंकी ग्राससारखं ग्राउंड कव्हर (जमीन झाकणारी बुटकी रोपं) टाका, चार महिन्यांत हिरवं होईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दुखणी दोन आहेत. तापलेली भिंत झाडच थंड करतं. चिखल, धूळ आणि तण ग्राउंड कव्हर आवरतं. त्यामुळे दोन्ही लावायचं असेल तर कुठलं आधी आणि कुणाला किती पाणी, यावरच सगळं अवलंबून आहे. पुढचं सगळं पुणे, नाशिक, संभाजीनगर अशा देशावरच्या हवामानाला धरून आहे.

आधी ऊन समजून घ्यावं. परदेशी बागकामाच्या व्हिडिओंत सावलीचं झाड घराच्या दक्षिणेला लावा म्हणतात, ते आपल्याकडे मे महिन्यात फारसं कामाचं नाही. पुण्यात मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि मावळताना पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून झाड भिंतीच्या पश्चिमेला किंवा जरा वायव्येला हवं. त्या दिवसांत चार वाजता सावली झाडाच्या उंचीच्या सव्वापट पडते, पाचला दुप्पट. म्हणजे १५ फूट उंचीचं झाड १५ फूट अंतरावरच्या भिंतीवर पाच वाजता साधारण साडेसात फुटांपर्यंत सावली चढवतं. खिडकी झाकायला तेवढं पुरतं, झाड मोठं व्हायची वाट पाहायला नको.

करंज यासाठी कारण तो लवकर वाढतो, मुरमाड जमिनीत तग धरतो आणि त्याची पानगळ सोयीच्या वेळी होते. थंडी सरता सरता पानं गळतात आणि कडक उन्हाळ्याच्या तोंडावर नवी तुकतुकीत पालवी येते. पानांवर बारीक फोड दिसले तर घाबरू नका. ते सूक्ष्म कोळ्यांचं काम आहे, झाडाला त्याने फरक पडत नाही आणि फवारणीही लागत नाही. गुलमोहर मात्र घराजवळ नकोच, मुळं वरवर आणि लाकूड ठिसूळ. सप्तपर्णीचा ऑक्टोबरमधला वास ज्यांना सोसतो त्यांनी ती खुशाल लावावी.

अंतरात काटकसर करू नये. करंज भिंतीपासून १५ फूट, कंपाउंडपासून ६ फूट आणि पाण्याच्या टाकीपासून व ड्रेनेज लाइनपासून त्याहून लांब. पट्टी अरुंद असेल तर बकुळ लावा. ती हळू वाढते, पण सदाहरित आहे आणि १० फुटांवर चालते. चुकीच्या जागी लावलेलं झाड पुढे सहज काढता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. नागरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

खड्डा ३ × ३ × ३ फूट, म्हणजे २७ घनफूट, पाव ब्रासपेक्षा थोडा जास्त. मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. भरताना दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते आणि वर्षभरात रोप मान टाकतं. कडक मुरमात खड्ड्याच्या तळाशी पाणी साचतं का, तेही बघून घ्यावं. बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी तसंच दिसलं तर तळ पहारीने फोडा. लावताना पिशवी पूर्ण काढायची (फाडून तशीच ठेवणारे माळी अजून आहेत) आणि गोल फिरलेली मुळं कापायची. पिशवीत मातीची पातळी जिथे होती तिथेच जमिनीची पातळी यायला हवी. बुंधा मातीत गाडला तर साल कुजते.

आता ग्राउंड कव्हर. मंकी ग्रास सावलीतलं आहे. देशावरच्या उघड्या उन्हात त्याची टोकं करपतात आणि ते पिवळट, रया गेलेलं दिसतं. नवं झाड लावलं त्याच वर्षी मंकी ग्रास लावलं की पैसे वाया जातात, कारण सावली अजून आलेलीच नसते. पहिली तीन-चार वर्षं तिथे अरेकिस लावावं, पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग. नऊ-नऊ इंचांवर लावलं तर १०० चौरस फुटांना साधारण १८० रोपं लागतात. सावली दाट झाली की ते विरळ आणि लांबट होऊ लागतं. तीच मंकी ग्रास आणायची वेळ. सहा इंचांवर लावायचं तर १०० चौरस फुटांना ४०० रोपं. चार-पाच फुटव्यांचे तुकडे करून पावसाच्या सुरुवातीला लावा, कोंब मातीत दाबू नका. भरायला वर्ष तरी जातं.

वेडेलिया हे पसरणारं ग्राउंड कव्हर फुकट मिळालं तरी घेऊ नका. पेराला पेराला मुळं फुटतात, बागेबाहेर पडतं आणि मग ओढ्याकाठची झाडोऱ्याची जागा खातं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे.

मंकी ग्रास बिघडतं ते बहुतेक वेळा लव्हाळ्याने. पान सारखंच दिसतं, गाठी खोल असतात आणि एकदा दोन्ही गुंतली की निवडणं अशक्य. लावण्याआधी जागा भिजवा, लव्हाळा उगवू द्या, गाठींसकट खणून काढा. हे दोन-तीनदा करावं लागतं, त्यात महिना-दीड महिना जातो. हराळीलाही हाच उपाय.

खरी ओढाताण पाण्याची. करंजाच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा २०-२५ लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पण भरपूर, आणि पुढे त्याहून कमी. उघड्यावरच्या १०० चौरस फूट ग्राउंड कव्हरला मात्र एप्रिल-मेमध्ये रोज ४०-५० लिटर लागतात. सोसायटीत टँकर येत असेल तर हा आकडा आधी मांडावा. सावलीत गरज निम्म्यावर येते, तरी रोज थोडं थोडं पाणी मिळालं की झाडाची मुळं वरच रेंगाळतात आणि वादळात झाड आडवं होतं. म्हणून दोघांची लाइन आणि कॉक वेगळे ठेवा. बुंध्याभोवती दोन फुटांचं आळं मोकळं, तिथे फक्त पालापाचोळा, तोही सालीला न टेकवता.

पावसाळ्यात दाट आच्छादनात गोगलगायी लपतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी खालच्या गोगलगायी वेचा, हातमोजे घालून. मीठ टाकू नका, माती बिघडते. विषारी गोळ्या कुत्रा असलेल्या घरात अजिबात नकोत.

झाड आधीपासून मोठं असेल तर अरेकिसचा टप्पा वगळा आणि थेट मंकी ग्रास घ्या. तिथे कुदळ चालवायची नाही, मुळं दिसतील तिथे खुरप्याने मुळांमधल्या जागेत मुठीएवढे खळगे करायचे. माळी नवी माती टाकून सपाट करू म्हणेल. दोन इंचांहून जास्त भर घालू देऊ नका, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि झाड पुढच्या दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं.