तुम्ही विचारलंत म्हणून: केस निळे का?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की कपाटावरच्या वीतभर लाकडी जोडीकडे बघून हमखास विचारतं, "यांचं डोकं एवढं मोठं का? आणि केस निळे?" लागोसला नोकरीला होतो तेव्हा घेतलेली ही जोडी. सांगता सांगता चहा निवतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

या इबेजी, म्हणजे जुळ्यांच्या मूर्ती. नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळी फार जन्मतात. जुळ्यातलं एक गेलं की त्याची मूर्ती घडवून घ्यायची आणि आईनं तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, नटवायचं. मूल तान्हं गेलेलं असलं तरी मूर्ती मात्र मोठ्या बाईची किंवा पुरुषाची.

डोकं अंगाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं असतं, ते कारागिराला प्रमाण कळत नाही म्हणून नव्हे. डोकं म्हणजे ओरी. बाहेरच्या डोक्याच्या आत न दिसणारं दुसरं असतं, ओरी इनू. माणसाची जाणीव, स्वभाव, नशीब सगळं त्यात. जन्माआधी जो तो अजाला नावाच्या कुंभाराकडे जाऊन ते निवडतो, आणि कुठलं नीट भाजलंय, कुठलं कच्चं, हे वरून कळत नाही. (आपल्याकडे सटवाई परस्पर कपाळावर लिहून जाते. तिथे निवड आपलीच, म्हणजे तक्रारीचीही सोय नाही.)

आता केस. योरुबात मूळ रंगशब्द तीन. पांढरा, रुपेरी, फिकट तो फुनफुन. तांबडा, नारिंगी, पिवळा तो पुपा. काळा, निळा, गर्द हिरवा तो डुडु. म्हणजे हे केस काळेच आहेत. आधी त्यांना गुळीचा रंग देत, पुढे रेकिटची धुण्याची नीळ आली. हो, तीच कंपनी, जिची रॉबिन नीळ आपल्या आया शाळेच्या सदऱ्यांना घालायच्या. आणि कृष्णाला सावळा नि घननीळ एका दमात म्हणणाऱ्यांनी तरी यात नवल करू नये.

संग्रहालयांतल्या जुन्या इबेजींचे डोळे-नाक पार गुळगुळीत झालेले दिसतात. काचेबाहेरून बघताना मला आधी वाटायचं, हेळसांड झाली असणार. उलट, रोज धुऊन, पुसून, तांबडी पूड चोळून, तोंडाशी घास नेऊन ते झिजलेत.

माझी जोडी बाजारासाठीच घडवलेली. तिला कुणी कधी भरवलेलं नाही. नाक अजून टोकदार आहे.