छातीच्या हाडावर १२८ हर्ट्झ

बारावीचे पेपर तपासून झाले की माझा जबडा दुखायला लागतो. दात आवळून बसायची खोड आहे. मान, खांदे, जबडा सगळं मिळून एकच दुखणं होतं आणि झोप तुकड्यातुकड्यांत लागते. दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायला गार्ड दिला, फिजिओथेरपिस्टनं व्यायाम दिले. दोन्हींचा उपयोग झाला, तरी थोडं उरलंच. त्यावरचा इलाज धाकट्या बहिणीनं शोधून काढला. "कोथरूडला एक बाई ट्यूनिंग फोर्कचं सेशन घेतात. ताई, तू नुसती पडून राहा. प्रश्न विचारू नकोस."

ही अट जरा अवघड होती, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. नादकाट्यांची, म्हणजे ट्यूनिंग फोर्कचीच, पेटी आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात कायमची. निळसर पोलादाचे आठ काटे, २५६ पासून ५१२ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं, त्यातला एखादा नेहमी गायब. अनुनाद नळीतली हवेची लांबी मोजायची, नळीच्या व्यासाच्या ०.३ पट दुरुस्ती धरायची आणि ध्वनीचा वेग काढायचा. "काटा रबरी ठोकळ्यावर आपटा, टेबलाच्या कडेवर नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडले आहे की मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणतात.

तर गेले. बाईंनी आधी विचारपूस केली. पेसमेकर आहे का, अलीकडे हाड मोडलंय का, अंगात कुठे प्लेट किंवा रॉड आहे का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का. गरोदर बायकांना त्या घेतच नाहीत म्हणाल्या. इथे माझं मत जरा बरं झालं. मग त्यांनी काटे मांडले. काही साधे, काहींच्या टोकांना जाड चकत्या. चकत्यांचे काटे ऐकायचे कमी आणि अंगावर टेकवायचे जास्त. काट्याच्या दोन्ही भुजा आत-बाहेर हलतात तेव्हा दांडा अगदी किंचित वर-खाली होतो, आणि टेकवलेल्या जागी पोचतं ते हेच वर-खाली. टोकं जड असली की हा धक्का चांगला जाणवतो. हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं, अट पाळायची होती ना.

टाचा, गुडघे, मग छातीचं मधलं हाड. टाचेवर नुसती मुंगी आल्यासारखं वाटलं. छातीच्या हाडावर मात्र गुणगुण थेट बरगड्यांपर्यंत पसरली आणि मी आपोआप श्वास सोडला. शेवटी कानामागच्या हाडावर टेकवला, तर आवाज डोक्याच्या आतून येऊ लागला. कानाचे डॉक्टर नेमकं हेच करतात. हाडावर ठेवायचा, आवाज थांबला की कानासमोर धरायचा आणि पुन्हा ऐकू येतो का ते विचारायचं. जर्मनीतल्या रिने या डॉक्टरांनी ही तपासणी १८५५ मध्ये मांडली आणि ती आजही ५१२च्या काट्यानं होते. त्या दिवशी मी घोरले असं बहीण सांगते. मला ते मान्य नाही.

उठल्यावर अट संपली, तेव्हा विचारलं की काट्यावर १३६.१ का लिहिलंय. "हा ओमचा काटा. पृथ्वीचा स्वर." घरी आल्यावर हिशेब करून पाहिला. वर्षाचे सेकंद साधारण ३ कोटी १५ लाख ५७ हजार. त्याचा व्यस्त काढायचा आणि बत्तीस वेळा दुप्पट करायचा, म्हणजे बत्तीस सप्तकं वर न्यायचा. येतात बरोबर १३६.१. हान्स कुस्टो या स्विस माणसानं १९७८ मध्ये काढलेलं हे गणित, आणि ते चोख आहे. पण पृथ्वीच्या एका फेरीला बत्तीस वेळा दुप्पट केलं हे माझ्या बरगड्यांना कसं कळणार? ५२८ हर्ट्झनं पेशीतला डीएनए दुरुस्त होतो वगैरे दाव्यांना तर मी परीक्षेत शून्यच देईन. एक मात्र खरं, १३६.१ हा हार्मोनियमवरच्या खर्जातल्या काळी एक या सुराच्या जरासा खाली बसतो. गाण्याच्या बैठकींना जाऊन ज्यांचे कान त्या पट्टीतल्या तानपुऱ्यावर वाढले, त्यांना तो ओळखीचा वाटणारच, पृथ्वी मध्ये न आणता.

बाईंकडे पॅकेज होतं, ते घेतलं नाही. स्वतःचा काटा घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन मागवलेला १३६.१ आला तो फोनवर तपासला. आखेनच्या विद्यापीठानं केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, आम्ही ते मुलांच्या प्रयोगांना वापरतो. दांडा टेबलावर टेकवला की टेबलाचा पृष्ठभाग आवाज मोठा करतो आणि आकडा नीट मिळतो. तो १३३च्या आसपास निघाला. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, "एनर्जी सेम आहे मॅम." परत पाठवला. मग पेठेतल्या एका सर्जिकलच्या दुकानात गेले. १२८चा काटा म्हटल्यावर काकांनी मान वर न करता विचारलं, "डायबिटीसवाला ना?" चकत्यांचा, खाली बसका पाया असलेला, काही शे रुपयांत. मधुमेह्यांच्या पायाची कंपनांची जाणीव शाबूत आहे का हे डॉक्टर याच काट्यानं पायाच्या अंगठ्यावर बघतात.

वापरायला शिकणं हे खरं काम. जोरात आपटला की पहिल्यांदा टण्णकन आवाज येतो. तो मूळ स्वराच्या सहापटीहून थोडा वरचा असतो, कानाला बोचतो आणि लगेच विरतो. तळहाताच्या गादीवर हलकेच मारलं की तो जवळजवळ येत नाही, नुसता घुमारा राहतो. दांडा दाबून धरायचा नाही, पण तरंगताही ठेवायचा नाही. मांसल जागी काटा चटकन मरतो, हाडावर दोन-तीन श्वास टिकतो. दातांवर कधी टेकवू नये, किती झणझणतं ते विचारूच नका.

जबड्याचं कोडं सुटलं ते काटा कानाजवळ धरताना. दात आवळलेले असले की स्नायूंची बारीक घरघर कानात होते आणि विरत चाललेला स्वर तिच्यात बुडतो. तो शेवटपर्यंत ऐकायचा तर जबडा सोडावाच लागतो. कुणी "रिलॅक्स व्हा" म्हटलं की मी जास्तच आवळते. इथे तसं कुणी म्हणत नाही, ऐकण्याच्या नादात ते होऊन जातं. म्हणून माझ्या मते आकडा १२८ असो की १३६, तो दुय्यम आहे. स्वर संपेपर्यंत थांबणं हे खरं औषध, आणि ते मोजायला माझ्याकडे काही नाही, फक्त सकाळी जबडा कमी दुखतो.

कॉलेजच्या २५६च्या दोन काट्यांची एक गंमतही मी घरी आणली. एकाच्या भुजेला रबरबँड गुंडाळला की त्याचा स्वर किंचित उतरतो. मग दोन्ही एकदम वाजवले की आवाज मोठा-लहान, मोठा-लहान होत राहतो. रबरबँड वर-खाली सरकवून तो इतका संथ करता येतो की श्वास त्याच्यामागे जातो. मुलांना हे विस्पंद शिकवताना मी घाईत असायचे, आता मुद्दाम वेळ देते. एकटा काटा कानापाशी उभा धरून सावकाश स्वतःभोवती फिरवला तर एका फेरीत चार वेळा आवाज नाहीसा होतो, तेही करून बघा.

घर कर्वे रस्त्याजवळ. गणपतीआधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की ऐकायचं सगळं बंद. तेव्हा काटा फक्त छातीच्या हाडावर, कारण तो ऐकावा लागत नाही.

स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी कुतूहलानं काटा मागितला. छातीवर जाणवला, पायाच्या अंगठ्यावर काहीच नाही. दोन-तीनदा करून पाहिलं, तेच. शुगर कधी तपासली होती विचारलं तर आठवेना. सर डॉक्टरांकडे गेले, त्या डॉक्टरांनीही खणातून तसलाच काटा काढला. साखर वाढलेली निघाली, गोळ्या सुरू आहेत. विकत घ्यायचाच तर सेट नको, हा एकच सर्जिकलचा १२८ पुरे.