तीस डब्यांचे नऊ तास

ठाण्यात घरून डबा देणाऱ्या बाईला ‘किती डबे करता?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं. ‘त्याला किती तास लागतात?’ याचं नसतं. म्हणून आधी तेच मांडू.

डबा साधा धरा: तीन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. असे ३० डबे आणि करणारी एकटी. बाजाराला पाऊण तास, निवडायला-चिरायला दीड, भाजी-वरण-भाताला दीड. ९० पोळ्यांना जवळपास तीन किलो पीठ लागतं. कणीक तयार असेल तर सराईत हात एका तव्यावर तासाला साधारण ४५ पोळ्या काढतो, म्हणजे दोन तास, शिवाय मळायला अर्धा. डबे भरायला पाऊण तास, भांडी-ओटा एक, फोन आणि हिशेब एक. झाले नऊ तास. पोचवणं यात धरलेलंच नाही.

आता घरचं काम. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. नऊ तासांत ही पावणेपाच मिळवली की पावणेचौदा होतात. सात तास झोप धरली तर उरतात सव्वातीन. त्यात स्वतःचं जेवण, अंघोळ, मुलांचा अभ्यास, येणारे-जाणारे. दहा डबे वाढवले तर वरण-भाताला फरक पडत नाही, मोठं पातेलं चढतं एवढंच. पण पोळ्या, चिरणं, भरणं मिळून दीड तासाच्या वर जातात, आणि तो दीड तास झोपेतूनच निघतो.

त्यामुळे ३० ची ताकद असेल तर नोंदणी २४ वरच थांबवा. सहाची जागा रिकामी नाही, ती सिलिंडर मध्येच संपण्याची, असलीच तर मदतनीस न येण्याची आणि जुलैत पाणी तुंबून सगळं तासभर लांबण्याची आहे. पूर्ण भरलेल्या दिवसात यातलं एक जरी घडलं तरी डबे एकला निघतात आणि मग सगळी दुपार माफी मागण्यात जाते.

पहिल्यांदा बाहेर द्यायची ती पोळी. नेमकं हेच बायकांच्या गळी उतरत नाही, पोळी म्हणजे आपल्या हाताची ओळख वाटते. पण गिऱ्हाईक टिकतं भाजी-आमटीच्या चवीवर, आणि पोळी महिन्याच्या २६ दिवसांत ६५ तास खाते. सकाळी ८ ते साडेदहा फक्त पोळ्यांसाठी बाई ठेवा, किंवा जवळच्या पोळी-भाजी केंद्राशी नगावर दर ठरवा. कणीक तुम्ही मोजून द्या आणि लाटण्याआधी अर्धा तास मुरू द्या, म्हणजे पोळी रोज वेगळी होत नाही. तव्यावरून उतरलेली थेट डब्यात गेली तर वाफेनं ओली होते; जाळीवर वाफ जाऊ द्यायची, मगच भरायची.

‘बाई परवडत नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा दराच्या हिशेबातून आलेलं असतं. किराणा, भाजी, गॅस, पॅकिंग लिहिलं जातं, स्वतःची मजुरी नाही. तासाला १०० रुपये धरले तरी नऊ तासांचे ९०० होतात, म्हणजे डब्यामागे ३० रुपये. ते ३० रुपये दरात नसतील तर पोळीवालीचे पैसे येणार कुठून?

खाड्यांनी जेवढा जीव जातो तेवढा शेगडीसमोरही जात नाही. रात्री अकराला ‘ताई, उद्या नको’, सकाळी आठला ‘एक जास्तीचा मिळेल का?’. यावर जमणारा तोडगा असा: प्रत्येक गिऱ्हाइकाला महिना नव्हे, २४ डबे विका, पैसे आगाऊ. रविवार सोडून २६ दिवस असतील तर दोन सुट्ट्या तुमच्या, आणि त्यांचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही. खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचा, महिन्यात चारच पुढे सरकतील. हे नियम पहिल्याच दिवशी लेखी पाठवा. नंतर सांगितले की भांडण वाटतं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ भरून अवे मेसेज चालू केला की त्या वेळेबाहेर आलेल्या निरोपाला तो आपोआप जातो. मेनू, दर, खाड्याचे नियम क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे तयार उत्तरांत, साठवा. हे सगळं वेगळ्या नंबरवर हवं. नाहीतर बहिणीचा फोटो बघायला उघडलेल्या फोनवर ऑर्डर भेटते.

पोचवण्यात अंतरापेक्षा विखुरणं महाग पडतं. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधले आठ डबे गेटवर एकदम ठेवता येतात. नौपाडा, कळवा आणि कासारवडवली असे तीन डबे सकाळ खातात. नव्या गिऱ्हाइकाला आधी इमारत विचारा. जैन डबा एकट्यासाठी नको: कांदा, लसूण, बटाट्याशिवाय वेगळी भाजी, वेगळं पातेलं, म्हणजे पाऊण तास. सहा जण जमले तर घ्या.

दिवाळीचं गणित निराळं, तिथं डब्यावर फराळ चढतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गूळ घालून पीठ मुरवायचं असतं. ते आणि चकलीची भाजणी वसुबारसेच्या दोन आठवडे आधी उरका. मग शंकरपाळे, चिवडा. ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटी. दमलेल्या हाताची पहिली खूण चकलीत दिसते: मोहन दोनदा पडतं आणि चकली तेलात विरघळते. तसं झालं की दुसरी परात भिजवू नका, त्या दिवसाचं तळण बंद. ऑर्डर वसुबारसेच्या दहा दिवस आधी बंद, आणि भाऊबीजेनंतर तीन दिवस डबाही बंद.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपणं, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. त्यांनी तो आजार म्हणून नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदवला. फोन वाजला की पोटात गोळा येतो, नेहमीच्या गिऱ्हाइकाचाही राग येतो, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर वरचे हिशेब पुन्हा करा. मनावरचं ओझं फार झालं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालतो.

सगळ्या थकव्याचं खापर कामावर मात्र नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन (गरोदर नसताना १२ च्या खाली म्हणजे कमी), थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ तपासून घ्या, अहवाल डॉक्टरांना दाखवा. लॅबमध्ये जायची वेळ नेमकी पोळ्यांची असते, तेव्हा घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी बोलवा.