पंधरा सेकंदांच्या गोळ्या

रद्दीवाल्याच्या तराजूवर गठ्ठा चढताना मधूनच एखादं जुनं 'कमांडो', म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रकथांचं इंग्रजी पुस्तक, घसरून खाली पडतं आणि ती दुपार कामातून जाते. मुखपृष्ठ गळालेलं, पिना गंजून मधल्या पानांवर तपकिरी डाग, कोपऱ्यात कुठल्याशा लायब्ररीचा जांभळा शिक्का. नाव नाही, अंक नाही. तरी काही अडत नाही. कुठलंही पान उघडा, ब्रिटिशांचं लढाऊ विमान स्पिटफायर जर्मनांच्या मेसरश्मिटच्या मागे लागलेलंच असतं आणि पंखांतून ठिपक्यांच्या रेघा सुटलेल्या असतात.

इथे एक वाईट खोड आडवी येते. गोळ्या मोजायची.

१९४० सालच्या स्पिटफायरच्या पंखांत पॉइंट ३०३ इंची आठ ब्राउनिंग मशीनगन. प्रत्येकीला ३०० गोळ्यांचा पट्टा. वेग मिनिटाला साधारण ११५०. करा हिशेब: अंगठा बटणावर दाबून धरला तर पंधरा-सोळा सेकंदांत सगळं रिकामं. दोन-दोन सेकंदांचे झटके मारले तर सात, फार तर आठ. एका झटक्यात तीनशेच्या आसपास गोळ्या जातात आणि त्यांचं एकूण वजन भरतं साडेतीन किलो. त्यातल्याही बहुतेक आभाळातच. पुस्तकातला हीरो मात्र बाराव्या पानावर सुरू करतो तो चाळिसाव्या पानापर्यंत थांबत नाही. ठिपक्यांच्या त्या चमकत्या रेघा म्हणजे ट्रेसर. खरे काही वैमानिक ते मुद्दाम पट्ट्याच्या शेवटाकडे भरून घेत, म्हणजे ते दिसले की समजायचं, आटोपलं, आता घरी चला. पुस्तकाच्या चित्रकाराला हे सांगून उपयोग नव्हता. रेघा नसतील तर पोराला कळणार कसं की गोळ्या सुटताहेत?

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९६१ साली 'कमांडो' काढलं, किंमत एक शिलिंग. त्याच्या आधीच, १९६० मध्ये, लंडनच्या फ्लीटवे प्रकाशनाने खास विमानवेड्यांसाठी 'एअर एस' सुरू केलं होतं, ते १९७० पर्यंत चाललं. आतली चित्रं काढणारे पुष्कळदा स्पेन, इटली, अर्जेंटिनाकडचे. मुखपृष्ठांवरची विमानं मात्र डंडीच्याच इयन केनेडीची बघावीत. पंखाच्या पत्र्यावर उजेड कसा घसरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आतल्या पानांवर चुका सापडतात, आणि खरं सांगायचं तर मजा तिथेच आहे. गोष्ट १९४० ची असेल तर स्पिटफायरच्या पंख्याला तीन पाती हवीत. चार दिसली तर चित्रकाराने मार्क नाइनचा, म्हणजे स्पिटफायरच्याच नंतरच्या आवृत्तीचा, फोटो समोर ठेवलाय. खात्री करायची असेल तर पोटाकडून बघा: सुरुवातीच्या विमानाला उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली छोटा अर्धगोल ऑइल कूलर, मार्क नाइनला दोन्हीकडे सारखे चौकोनी डबे. धुराडी मोजली तरी चालतं, आधी एका बाजूला तीन, नंतर सहा. जर्मन बाजूची खूण आणखी सोपी. मेसरश्मिट १०९ च्या 'ई' जातीची पंखटोकं चौकोनी छाटलेली आणि शेपटीच्या आडव्या पंखांखाली टेकू. पुढच्या 'एफ'पासून टोकं गोल झाली, टेकू गेले. पण चित्रात १९४४ सालच्या नॉर्मंडीवरही टेकूवालंच १०९ घिरट्या घालतं. ब्रह्मदेशातल्या गोष्टींत तर प्रत्येक जपानी विमान म्हणजे झीरो! झीरो जपानी आरमाराचं. ब्रह्मदेशावर मुख्यतः भूदलाचं नाकाजिमा ऑस्कर असायचं. अर्थात तिथले खरे वैमानिकही त्याला बिनदिक्कत झीरोच म्हणायचे, तेव्हा ही चूक माफ.

एक गोष्ट मात्र चांगल्या लेखकांना माहीत असायची. १०९ नाक खाली करून सरळ सूर मारतं, स्पिटफायर तसंच मागे जातं आणि इंजिन खोकून गप्प बसतं. कारण स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा, होता. झटक्याने नाक खाली गेलं की पेट्रोल त्या फ्लोटच्या खणाच्या छताकडे उसळायचं. आधी इंजिन उपाशी, मग एकदम तुंबलेलं. जर्मन इंजिनात पेट्रोल पंपाने थेट आत फवारलं जाई, त्यांना ही भानगडच नव्हती. उपाय म्हणजे आधी विमान उलटं करायचं आणि मग खाली ओढायचं. तोवर शत्रू पसार. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी नेमक्या मापाच्या भोकाची एक छोटी चकती नळीत बसवली, इंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढंच पेट्रोल सोडणारी. विमान कारखान्यात न्यायचीही गरज नाही. तुंबण्याचा त्रास त्यातून बराचसा मिटला. ह्याच बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर मोटरसायकलने ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारलेल्या. अशा बाईवर एक अख्खा अंक हवा होता. पण त्या जगात बाया अगदीच कमी, फार तर निरोप द्यायला स्टेशनवर.

बाकी भाषेचं काय सांगावं. 'डॉनर उंड ब्लिट्झन', 'हिमेल', 'आख्तुंग, श्पिटफायर!' जर्मन भाषेची एवढीच शिदोरी कित्येकांनी जन्मभर पुरवली आहे. आणि मरणारा कुठल्याही देशाचा असो, 'आऽऽर्घ' एकच.

त्या 'आऽऽर्घ'नंतरची चौकट ही पुस्तकं काढत नसत. स्पिटफायरच्या मिळून ८५ गॅलनच्या दोन पेट्रोलटाक्या होत्या इंजिन आणि वैमानिकाच्या मधे, म्हणजे जवळजवळ मांडीवर. त्या पेटल्या की ज्वाळा थेट कॉकपिटमध्ये. बोटांना बटणं, खटके नीट समजावेत म्हणून काही जण हातमोजे काढून ठेवत, दिसावं म्हणून चष्मा कपाळावर सरकवत. भाजायचे ते हात आणि पापण्या. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकइंडो हा प्लास्टिक सर्जन ही तोंडं पुन्हा घडवत बसला. समुद्रात उडी पडलेल्यांच्या जखमा बऱ्या भरतात हे पाहून त्याने मिठाच्या पाण्याच्या आंघोळी सुरू केल्या. त्याच्या रुग्णांनी १९४१ मध्ये गिनी पिग क्लब काढला. युद्ध संपेपर्यंत त्यात ६४९ जण होते.

गोळ्या मोजायच्या तशाच राहिल्या.