पाऊस पडला तर

जून संपत आला होता, आणि आमच्या मराठवाड्यात आभाळ नुसतंच भरून येत होतं. नववीला मी इंग्रजीतली जर-तरची वाक्यं शिकवत होतो. फळ्यावर नेहमीचा तक्ता: पहिला प्रकार, दुसरा, तिसरा. चौदा वर्षं मी तोच काढतोय.

वह्या तपासताना एक वाक्य दिसलं: 'इफ इट रेन्ड, वी विल सो सोयाबीन.' 'रेन्ड'वर लाल फुली मारून वर 'रेन्स' लिहिलं. पोरगा वही घेऊन परत टेबलापाशी हजर.

"सर, आपण 'पाऊस पडला तर पेरू' म्हणतो ना?"

"म्हणतो."

"मग पडला म्हणजे रेन्डच की."

मला उत्तरच सुचेना. खरंच की! उद्याच्या पावसालाही आपण 'पडला'च म्हणतो. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ लागतो. 'रेन्ड' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाने पावसाची आशा सोडलीय. आणि मग पुढे 'विल' नाही, 'वुड' येतं. या पोराच्या घरी तर बियाण्याच्या पिशव्या येऊन पडलेल्या.

मी तक्ता पुसला आणि आधी मराठी वाक्यं लिहिली. 'पडला तर पेरू' म्हणजे 'इफ इट रेन्स, वी विल सो'. 'पडला असता तर पेरलं असतं' म्हणजे 'इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव सोन'. गाडी अडली ती मधल्या प्रकारावर. 'शेत असतं तर सोयाबीन पेरलं असतं' हे आज शेत नसलेला म्हणतो, आणि गेल्या साली नव्हतं तोही म्हणतो. मराठीचं संदर्भावर भागतं, इंग्रजीचं भागत नाही. आजचं असेल तर 'हॅड' आणि 'वुड सो', गेल्या सालचं असेल तर 'हॅड हॅड' आणि 'वुड हॅव सोन'. 'हॅड हॅड'ला वर्ग खो-खो हसला.

त्याच झपाट्यात 'अनलेस' काढलं. 'जोपर्यंत नाही तोपर्यंत' असा त्याचा अर्थ मी सांगत आलोय, आणि दरवर्षी निम्मा वर्ग 'अनलेस यू डोन्ट वर्क' लिहितो. तो जादाचा 'नाही' मीच त्यांच्या हातात देत होतो, हे त्या दिवशी फळ्यासमोर उभं असताना कळलं. दुसरा शब्द शोधत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, 'शिवाय' चालेल? शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं ग्रुपवर रोज येतंय."

कृषी विभागाचा 75 ते 100 मिलिमीटरचा सल्ला! 'झाल्याशिवाय'मध्ये नकार आधीच मुरलेला, वेगळा 'नाही' लागतच नाही. मी लिहिलं: 'डोन्ट सो अनलेस इट रेन्स अ हंड्रेड मिलिमीटर्स.'

घंटा झाली. पहिला पोरगा पुन्हा टेबलापाशी.

"सर, फुली काढताय ना मग?"

"नाही."

तो हलेना. शेवटी फुलीखाली लाल पेनानेच लिहून दिलं: मराठीत बरोबर.