आधी अंडी बघायची

मधपेट्या बघायला गेलेल्या प्रत्येकाला राणीमाशी बघायची असते. मलाही हवीच होती. पण पेट्या सांभाळणाऱ्या काकांनी झाकण काढण्याआधीच सांगून टाकलं, "राणी दिसेल, नाही दिसेल. आपण अंडी बघायची."

धुराडं पेटवून त्यांनी दारापाशी जेमतेम धूर सोडला. एक माशी डसली की धोक्याचा गंध सुटतो आणि बाकीच्या त्यावर धावून येतात. धुरात तो दबतो. हा गंध पिकलेल्या केळ्यासारखा असतो, म्हणून केळं खाऊन आलेल्याला काका पेटीजवळ येऊ देत नाहीत.

मग मेणाचं पोळं धरलेली लाकडी चौकट बाहेर आली. ती पेटीच्या वरच धरायची, चुकून राणी निसटलीच तर आतच पडावी म्हणून. सूर्याकडे पाठ करून चौकट जराशी कलती केली तसं ऊन खोल्यांच्या तळापर्यंत गेलं आणि मला ती दिसली: प्रत्येक खोलीत एकच, दीडेक मिलिमीटरची पांढरी बारीक काडी. नुकतं घातलेलं अंडं उभं असतं, मग हळूहळू कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभी अंडी दिसली म्हणजे राणी कालपरवापर्यंत इथे नक्की होती, मग तिच्या शोधात पेटी उघडी कशाला ठेवायची? पिल्लांभोवती माश्या ३४-३५ अंश ऊब राखतात. आपल्या हौसेपायी ती घालवणं मला तरी पटत नाही.

त्याच चौकटीवर एक कामकरी माशी जन्माला येत होती. मेणाचं टोपण आतून कुरतडलेलं, फटीतून आधी मिशा, मग डोकं. अंगावर करडी लव. अंड्यापासून इथवर २१ दिवस; राणीला १६च लागतात, नराला २४. राणी आणि कामकरी दोघींचं अंडं एकसारखंच, फरक पडतो तो खुराकाने. बाहेर आलेल्या माशीचं पहिलं काम खोल्या साफ करण्याचं. ती बाहेर पडेपर्यंत मी तिथून हललोच नाही, आणि काकांनीही घाई केली नाही.

मधाचं म्हणाल तर पेटीच्या वरच्या, मध साठवायच्या कोठीतली एक चौकट अर्धीच मेणाने बंद होती. काकांनी ती आडवी धरून झटका दिला, थेंब उडाले. म्हणजे मकरंदात अजून पाणी जास्त. असा मध काढला तर आंबतो. चौकट परत आत गेली. शेजारची पूर्ण भरलेली होती, तीही त्यांनी काढली नाही. फुलं नसतील तेव्हा माश्यांना तोच मध लागतो, आणि मधपाळाची पारख मला तरी तो किती काढतो यापेक्षा किती ठेवतो यावर करावीशी वाटते.

तुम्ही जाणार असाल तर ऊन असलेला, वारा नसलेला दिवस धरा. फिकट रंगाचे सुती कपडे घाला, अत्तर लावू नका, आणि पेटीच्या दारासमोर उभं राहू नका. माश्यांची ये-जा तिथूनच चालते.