धुक्यातलं शिवार फोटोत राखाडी का येतं?

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून एकच प्रश्न येतो: सकाळचं शिवार डोळ्यांना इतकं सुंदर दिसतं, मग फोटोत ते मळकट आणि सपाट का येतं? आणि पाठोपाठ, कॅमेरा कुठला घेऊ? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, हातात आहे तो चालतो. पहिल्याचं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर.

कॅमेरा उजेड मोजताना समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकट पांढऱ्या धुक्याने भरली की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळवंडून देतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, +0.7 ते +1 स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर धुक्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा. हिस्टोग्रामचा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणाऱ्या आलेखाचा, उंचवटा मधल्यापेक्षा उजवीकडे हवा, पण कडेला चिकटू देऊ नका. तिथे गेलेले बारकावे परत मिळत नाहीत. सूर्यबिंबच चौकटीत घेणार असाल तर मात्र त्याच्याभोवतीचा उजेड सांभाळा आणि शिवार काळं पडत असेल तर पडू द्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळवणी, ऑटोवर ठेवलात तर कोवळ्या उन्हाची पिवळाई कॅमेरा पुसून टाकतो. तो डेलाइटवर, म्हणजे 5200 ते 5500 केल्विनला बांधून ठेवा.

इतकं करूनही फोटो सपाट येतो, कारण चौकटीत काळं काहीच नसतं. धुक्यात लांबचं सगळं फिकट होत जातं, त्यामुळे खोली दाखवायला वीस-तीस पावलांवर एखादी गडद वस्तू लागते: बाभळ, भाताची गंजी, उभी बैलगाडी. तिच्यामागे बांध, त्यामागे झाडांची रांग, असे थर 70 ते 200 मिलिमीटरच्या लेन्सने एकमेकांजवळ येतात. मोबाइलवर बोटांनी झूम करू नका, 2एक्स किंवा 3एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नंतर एडिटिंगमध्ये धुरकटपणा घालवणारा 'डीहेझ' ओढायचा मोह आवरा. तुम्ही ज्यासाठी पहाटे उठलात तेच तो काढून टाकतो.

पण खरं काम आदल्या रात्रीचं असतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि जमिनीत ओल असेल, तर थंड हवा उतारावरून सखल भागात साचते आणि धुकं धरतं. मार्कंडेय आणि मलप्रभेचा काठ, येळ्ळूर-वडगावचं भाताचं शिवार यासाठी चांगलं. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की इथेही ढग येतात. त्या रात्री दव पडत नाही, गजर लावू नका. दुसरी गोष्ट, सूर्य उगवताच धुकं कधीकधी आणखी दाटतं. तेव्हा कंटाळून घरी निघणाऱ्यांचा सगळ्यात चांगला अर्धा तास हुकतो.

सूर्योदय डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसातच्या आसपास, जानेवारीच्या मध्याला सातनंतर. डिसेंबरअखेर सूर्य नेमक्या पूर्वेला नव्हे, जवळजवळ 24 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. उगवल्यावर तासाभराने तो साधारण बारा-तेरा अंशांवर असतो, म्हणजे सावली उंचीच्या चौपटीहून लांब. नांगरटीच्या सऱ्या आणि बांध याच उजेडात उठून दिसतात. दोन तासांनी सावली दुपटीवर येते आणि जमीन सपाट वाटू लागते. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून उत्तरेला तोंड केलंत तर ऊन उजव्या कुशीने येतं आणि खालच्या शिवाराचा चौकोन न् चौकोन सुटा दिसतो.

कुठे जायचं ते पिकावर ठरवा. सुगीच्या दिवसांत भाताची कापणी-मळणी, मग त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात शाळू, निपाणीकडे तंबाखू. उसाला तुरा आला असेल तर सूर्य समोर ठेवूनच घ्या. पाठीवर ऊन घेऊन काढलेला तुरा निव्वळ पांढरट दिसतो, समोरच्या उन्हात तो चांदीसारखा पेटतो.

हरभऱ्यावरचं दव जवळून घ्यायचं तर बांधावरच बसा, सरीत पाय घालू नका. पानांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकाटोकाला थेंब. सूर्य पानाच्या मागे, लेन्सवर हाताची सावली, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/8, आणि वारा थांबेपर्यंत वाट. हे निव्वळ पाणी नसतं, त्यात पानाची आंब उतरलेली असते. हात चुरचुरतात, आणि ज्या रुमालाने हात पुसलात त्याने लेन्स पुसलीत तर डाग बसतो. लेन्सचं फडकं वेगळ्या खिशात ठेवा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी फिल्टरची काच, इथे काढून ठेवा, तो पानांवरची चमकच खातो.

रानात शिरण्याआधी मालकाला विचारा. पूर्वेकडच्या गावांत कन्नडमधून विचारलंत तर बरं. हसून होकार मिळतो, बहुतेक वेळा चहाही.

ट्रायपॉड ओल्या ढेकळांत हळूहळू खचतो आणि सेकंदभराचा फोटो हलतो. पाय आधी दाबून बसवा, खालचा बारीक भाग शेवटी उघडा, बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. उघड्या आभाळाखाली ठेवलेली लेन्स हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावरच दव बसतं. हूड, म्हणजे लेन्सपुढची कडी, लावा, भोवती सुती फडकं गुंडाळा, आणि दर पाच-दहा मिनिटांनी काच उजेडाकडे धरून बघा. पडद्यावर काचेवरचं धुकं आणि रानातलं धुकं सारखंच दिसतं. परतल्यावर गार कॅमेरा चुलीजवळच्या उबदार, दमट हवेत उघडलात तर आत-बाहेर वाफ धरते. रानातच तो घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि घरी आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. कार्ड तेवढं आधी काढून घ्या, म्हणजे पिशवी उघडायची घाई होत नाही.